अंबाजी मास्तरांची हिरवी चूल

अंबाजी मास्तर नागावच्या शाळेत आले ते १९२६ साली. पुढं ट्रंक घेतलेला गडी, मधे मास्तर आणि मागं डोक्यावर गाठोडं घेतलेली मनुबाई, त्यांची बायको. मास्तर अंगानं किडकिडीत, डोक्याला काळी टोपी आणि बोलताना हात सारखे हलायचे. वाडीतल्या बायका म्हणाल्या, मास्तर बोलतोय की माश्या वारतोय तेच कळत नाही.

जन्म रोह्याच्या आतल्या बाजूचा, भातशेती करणाऱ्या घरातला. त्या घरात पहिली पाटी हातात घेतली ती अंबाजीनंच. लहानपणी त्यांना एक प्रश्न पडला होता. आषाढात कणगीतलं भात तळाला गेलं की पेजेत शितं कमी आणि पाणी जास्त असे. मग हे पोर ओट्यावर बसून समोरच्या ऐनाच्या झाडाकडं बघत राही. हे झाड काही न जेवता एवढं वाढतं कसं? आईला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, झाड माती खातं. दुसऱ्या दिवशी पोरानं चिमूटभर माती खाऊन पाहिली. भूक भागली नाही, मार मात्र पोटभर मिळाला.

पुढं शिक्षकाच्या ट्रेनिंगमध्येही त्यांना तेच सांगितलं गेलं, जरा शुद्ध भाषेत. मुळं जमिनीतून अन्न घेतात, असं. नागावात चार-पाच वर्षं त्यांनीही मुलांना तेच शिकवलं. मग एक दिवस कमळ उभी राहिली.

कमळ तिसरीत होती. आई-बाप मुंबईला गिरणीत, आणि पोर इथं आजीकडं. आजी आवडाबाई. स्वतःच्या वाडीतली भाजी नि फुलं डोक्यावर घेऊन अलिबागच्या बाजारात विकायची, आणि तोंडानं अशी सडेतोड की गिऱ्हाईक भाव करायला दोनदा विचार करी. कमळ मात्र अबोल. म्हणून ती उभी राहिली तेव्हा मास्तरांनी हातातला खडू खाली ठेवला.

ती म्हणाली, "आजीनं राकेलच्या डब्यात अबोली लावलीय. अबोली येवढी मोठी झाली, पण डब्यातली माती व्हती तेवढीच हाय. मग अबोली खाते काय?"

वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. ते म्हणाले, "मला ठाऊक नाही, बाय. विचारून येतो."

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ते चालत अलिबागला गेले. तिथल्या हायस्कुलात दिनानाथ म्हणून शास्त्र शिकवणारे एक मास्तर होते, वयानं मोठे आणि स्वभावानं मोकळे. धोतराला रस्त्याची धूळ लागलेला हा खेड्यातला मास्तर अबोली काय खाते ते विचारायला आलाय, याचं त्यांना इतकं कौतुक वाटलं की त्यांनी स्वतःची सुट्टी बाजूला ठेवून प्रयोगाची खोली उघडली. बाहेरच्या जास्वंदीचं एक पान तोडलं, उकळत्या पाण्यात बुडवलं, मग गरम स्पिरिटात ठेवून त्याचा हिरवा रंग उतरवला आणि त्यावर टिंक्चर आयोडीन टाकलं. फिकट पान बघता बघता काळंनिळं झालं. ते म्हणाले, पिठाला आयोडीन लावलं की असा रंग येतो. म्हणजे या पानात पीठ आहे, आणि ते पानानं स्वतः तयार केलंय, पाण्यातून, हवेतून, उन्हाच्या जोरावर. मातीतून झाड घेतं ते पाणी, आणि वर चवीपुरतं मीठ म्हणावं इतकंच काही.

मास्तर नागावला परतले ते स्वतःशीच बोलत. मनुबाई सांगायची, त्या संध्याकाळी त्यांनी जेवताना तिला ताटातलं भाताचं शीत उचलून दाखवलं आणि विचारलं, हे कुठं शिजलं ठाऊक आहे का? ती म्हणाली, आपल्याच चुलीवर शिजलं, आणि निवतंय, आधी जेवा.

पण चूल हा शब्द त्यांना तिथंच सापडला. सोमवारी वर्गात त्यांनी फळ्यावर एक मोठं पान काढलं. पान म्हणजे झाडाची चूल, ते म्हणाले. मुळं पाणी भरतात. पानाच्या पाठीला डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात, त्यातून हवा आत येते. आणि जाळ कशाचा? उन्हाचा. यावर मोरू नावाच्या पोरानं विचारलं, चूल हाय तर धूर कुठं जातो? मास्तरांचे हात हवेतच थांबले. मग ते भरभर बोलू लागले. या चुलीचा धूर म्हणजे प्राणवायू, आणि त्याच धुरावर आपण सगळे जगतो, असं त्यांनी सांगितलं.

मग आयोडीन. आधी त्यांनी पेजेत एक थेंब टाकला आणि पेज निळी झाली. मग बटाट्याच्या फोडीवर, मग कच्च्या केळ्यावर. पोरं वेडी झाली. घरातून काय काय आणू लागली, रताळं, भाकरीचा तुकडा, एकानं तर बापाच्या धोतराला लावायची खळ आणली. आठवडाभर अर्ध्या शाळेची बोटं काळीनिळी होती, आणि आया ती घासून घासून थकल्या.

इथवर सगळं गमतीत गेलं. अडलं ते स्पिरिटावर.

ते साल १९३१. दारूच्या दुकानांपुढं बायका निशाणं घेऊन उभ्या राहत होत्या. माडांचा गाव, त्यात माडी काढणारी घरं, त्यामुळं बाटली हा शब्द निघाला तरी लोक कान टवकारायचे. अशात मास्तर अलिबागच्या दवाखान्यातून स्पिरिटची बाटली उपरण्यात गुंडाळून घेऊन आले. नेमकं बूच सैल होतं. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला वास आला, आणि मास्तर चुलीच्या विचारात इतके गुंग की कुणाच्या रामरामाला त्यांनी धड उत्तरही दिलं नाही. दिवस मावळायच्या आत गावभर झालं, की मास्तर पितो.

दुसऱ्या दिवशी पोलीस पाटील बाबाजींनी त्यांना देवळाच्या ओट्यावर बोलावलं. बाबाजी माणूस वाईट नव्हता. मास्तर चांगला शिकवतो हे त्याला ठाऊक होतं, पण चार जणांनी तक्रार केल्यावर गप्प बसणंही शक्य नव्हतं. मास्तरांनी सगळं समजावून सांगितलं. पानाचा रंग उतरवायला स्पिरिट लागतं, हे ऐकून ओट्यावरची माणसं एकमेकांकडं बघू लागली. पानाचा रंग कशाला उतरवायचा, हे कुणालाच कळेना. शेवटी बाबाजी म्हणाला, दाखव. आम्ही उद्या उजाडताच येतो, कामाला जायच्या आधी. जमलं तर आमची काही तक्रार नाही, नाही जमलं तर मला शाळेच्या बोर्डाला कळवावं लागेल.

नोकरीचाच प्रश्न होता. मनुबाईनं त्या दिवशी देवाला दिवा लावला तो नेहमीपेक्षा जास्त वेळ तेवत ठेवला. मास्तरांनी जुन्या छत्रीचं काळं कापड कापलं, आणि कमळच्या मदतीनं शाळेपुढच्या जास्वंदीच्या चार-पाच पानांवर मधोमध पट्टी बांधली. पट्टीखाली ऊन जाणार नाही, म्हणजे तिथं पीठ होणार नाही, आणि बाकीचं पान काळंनिळं होईल, असा त्यांचा हिशेब.

सकाळी उजाडता उजाडता ओट्यावरची सगळी मंडळी शाळेच्या पडवीत येऊन बसली. आवडाबाईही आली, बाजाराची पाटी बाजूला ठेवून. मास्तरांनी शेगडी पेटवली, पान उकळलं, मग स्पिरिटची वाटी गरम पाण्यात ठेवून त्यात पान सोडलं. वास सुटला तसं कुणीतरी खाकरलं. पानाचा रंग उतरून स्पिरिट हिरवं झालं, तेव्हा मात्र माणसं पुढं सरकली. मास्तरांनी पान बशीत पसरलं आणि त्यावर आयोडीन टाकलं.

काही झालं नाही. पान पिवळट तपकिरी झालं, पट्टीखाली आणि पट्टीबाहेर, सगळीकडं सारखंच. मास्तरांनी आणखी थेंब टाकले. बशी हलवून पाहिली. दुसरं पान घेतलं, तेही तसंच निघालं.

"मास्तर, पान नापास झालं की," कुणीतरी म्हणालं, आणि पडवीत हसू पसरलं. बाबाजी हसला नाही. तो उठला आणि धोतर झटकू लागला. मास्तर बशीकडं बघत बसले होते, हात मांडीवर, एकदम स्थिर. त्यांचे हात असे गप्प कुणी कधी पाहिले नव्हते.

तेव्हा कमळ बोलली. मोठ्या माणसांपुढं पोरीनं बोलायचं नसतं हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती बोलली ती खाली मान घालून, मास्तरांशीच.

"मास्तर, सकाळच्याला आमच्याकडं बी टोप रिकामाच असतो. रातीचं रातीच खाऊन होतं. झाडानं बी रातीला खाल्लं असंल. अजून ऊन कुठं आलंय? चूलच पेटली न्हाय."

मास्तरांनी वर पाहिलं. आधी तिच्याकडं, मग अंगणाकडं. ऊन अजून माडांच्या शेंड्यांवरच होतं. दिनानाथांनी प्रयोग केला होता तो दुपारी. ही गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला त्यांनी टोपी सारखी केली. मग बाबाजीला म्हणाले, "पाटील, पोर खरं बोलतेय. चूल पेटू द्या. दुपारी उन्हं कलायच्या आत या."

बाबाजी म्हणाला, बघतो. बाकीचे निघून गेले ते पान नापास झाल्याचं बोलतच. आवडाबाईनं पाटी उचलली, नातीकडं एकवार पाहिलं आणि पुन्हा खाली ठेवली. त्या दिवशी तिनं बाजार बुडवला. फुलं सुकू नयेत म्हणून ती विहिरीवर जाऊन पाणी मारून आली आणि पडवीतच बसून राहिली.

दुपारी बाबाजी आला, झोपेतून उठलेला, डोळे चोळत. सोबत दोघं-तिघंच. मास्तरांनी पट्टी बांधलेलं पान खुडलं. या खेपेस त्यांनी आयोडीनची बाटली कमळच्या हातात दिली. तिनं थेंब टाकले. पान हळूहळू गडद होऊ लागलं, एका कडेनं, मग दुसऱ्या कडेनं, शाईसारखं. आणि मधोमध, छत्रीच्या कापडाखाली होता तेवढा पट्टा फिकटच राहिला, जशी भिजलेल्या अंगणात पाटाखालची जमीन कोरडी राहावी तसा.

बाबाजीनं बशी हातात घेतली, उजेडाकडं धरली, आणि बराच वेळ बघत राहिला. मग एवढंच म्हणाला, की आमच्या सगळ्या वाडीत एवढ्या चुली पेटलेल्या असतात आणि आम्हाला कधी वास आला नाही. जाताना त्यानं मास्तरांना सांगितलं, बाटलीचं बूच घट्ट लावत जा.

आवडाबाई मागं राहिली. चौथी झाली की कमळला शाळेतून काढून बाजाराला न्यायची, असं तिनं ठरवलं होतं, आणि मास्तरांना ते ठाऊक होतं. ते काही बोलणार इतक्यात तीच म्हणाली, "एवढ्या बाप्यांत हिनंच वळखलं. ऱ्हाऊ दे तुमच्याकडं, शिकंल तेवढं शिकू दे. माजं डोकं अजून मजबूत हाय, पाटी न्यायला."

कमळ पुढं सातवीपर्यंत शिकली. नागावात त्या काळी हे थोड्याच मुलींना जमलं. लग्न होऊन ती रेवदंड्याला गेली, आणि पहिल्या दिवाळीला माहेरी आली तेव्हा आधी मास्तरांच्या घरी गेली, मग आजीकडं. यावरून आवडाबाई दोन दिवस रुसून होती.

मास्तरांची बदली १९३८ मध्ये दिघीला झाली. खाडीकाठची लहान शाळा, होडीतून येणारी-जाणारी माणसं बघत बसणारी पोरं. तिथंही ते दरवर्षी पाऊस उघडला की हा धडा घ्यायचे, आणि तो नेहमी दुपारी. सकाळी का नाही, असं कुणी विचारलं की आधी कमळचं नाव सांगत आणि मग कारण. पोरांना वाटायचं कमळ म्हणजे कुणी मोठी शास्त्रज्ञ असावी. मास्तर ते खोडून काढत नसत.

मनुबाईनं इतक्या वर्षांत हा प्रयोग कधी पाहिला नव्हता. शाळेच्या वेळी ती घरात गुंतलेली. दिघीला एका रविवारी तिनं आपण होऊन म्हटलं, ते तुमचं पान मला तरी कधी दाखवा. मास्तरांना एवढा आनंद झाला की त्यांची पळापळ बघून तीच हसू लागली. दारातल्या जास्वंदीचं पान, तीच वाटी, तीच शेगडी. पान काळंनिळं झालं तेव्हा ती ओणवून बघत राहिली.

"म्हंजी ऊन हाय तोवर ह्या जास्वंदीला बसायला मिळत न्हाय," ती म्हणाली.

मास्तर म्हणाले, नाही मिळत.

मनुबाईनं बशी बाजूला सरकवली आणि दारातल्या जास्वंदीकडं पाहिलं. मग ती उंबऱ्यात टेकली आणि पाय पसरून निवांत बसली. मास्तरांनी शेगडीवरची वाटी उतरवली आणि तिथं चहाचं आधण ठेवलं.