दार उघड, मी आलोय

तमाम सुज्ञ जनांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, मी म्हणजे मीच आहे की नाही, हा प्रश्न नुकताच इंदूर मुक्कामी न्यायाधीशांच्या एका अख्ख्या तुकडीपुढे मांडण्यात आला. प्रश्न भर दुपारी, जेवणानंतर मांडला गेला. साक्षीला माझी बायको होती.

घडलं ते असं. आमच्या नाट्यमंडळाच्या पहिल्या रांगेतले कायमचे प्रेक्षक, एक निवृत्त न्यायाधीश, हल्ली नोकरीतल्या न्यायाधीशांना पुराव्याचा नवा कायदा शिकवतात. एकदा हे साहेब घरी आले आणि इंदुरी थाटात म्हणाले, "भिया, तुझ्या जुन्या नाटकांची रेकॉर्डिंग दे. आणि एक दिवस तू पण ये. वहिनींना आण. आवाजाची ओळख हा विषय आहे, छोटासा खेळ करू."

मी हो म्हटलं, त्याला कारण होतं. दिवाळीनंतर माझ्या स्वरतंतूवरची गाठ काढली. तेव्हापासून माझा आवाज पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा येतो, असं मला वाटतं. बायको म्हणते, "काहीतरीच. अगदी तस्साच आहे हो." आता घरात बायको गोड बोलेल, पण शपथेवर खोटं बोलणार नाही. हा आवाज अजून माझा आहे की नाही, ते मला एकदाचं ऐकायचं होतं. नाटकवाल्याकडे दुसरं असतं काय?

तर तुकोगंजातला तो प्रशिक्षणाचा हॉल. न्यायाधीशही बाकावर बसले की विद्यार्थीच होतात. मागच्या रांगेत शेव-शेंगदाण्याची पुडी फिरत होती, एक जण सरळ डुलक्या घेत होता. खटला काल्पनिक: देपालपूरकडचं एक घर, आत एकटी बाई. बाहेरून ओळखीचा आवाज येतो, "दार उघड, मी आलोय." ती दार उघडते आणि लुटली जाते. पुरावा एकच, आवाज. तो ओळखणारी बाई म्हणजे माझी बायको. तिला एवढंच सांगितलं होतं की पडद्यामागून दोन आवाज येतील, त्यातला नवऱ्याचा ओळखायचा.

पडद्यामागे मी उभा होतो. माझ्या कमरेएवढ्या स्टुलावर एक काळा स्पीकर होता आणि त्याच्याशेजारी लॅपटॉप घेतलेली, आवाज तपासणाऱ्या प्रयोगशाळेतली मुलगी. माझ्या रेकॉर्डिंगवरून तिने काहीतरी तयार केलं होतं, पण मला ऐकवलं नव्हतं. एसीच्या वाऱ्याने पडदा हळूहळू फुगत होता, बसत होता.

"पहिला आवाज," साहेबांनी पुकारा केला.

मुलीने बटण दाबलं. स्पीकरने आधी श्वास घेतला. अगदी माझा श्वास, वाक्य टाकण्यापूर्वी मी नाकाने घेतो तो. मग तो बोलला, "दार उघड, मी आलोय." गोल, भरलेला, शेवटी किंचित हसरा. माझे ओठ त्याच्याबरोबर हलले होते, मी न हलवता. क्षणभर वाटलं, बोललो मीच, नुसता आवाज तिकडून निघाला.

"दुसरा."

मी बोललो. त्याच्यानंतर, त्याच्या शेजारी उभं राहून, तेच वाक्य. मला नक्कल करतोय असं वाटलं, आणि तीही बरी जमली नाही.

"बोला वहिनी."

"पहिला," बायको म्हणाली. विचार करायला सुद्धा थांबली नाही.

"पक्का? शपथेवर आहात."

"अहो, एकदम पक्का. लग्न झाल्यापासून याच आवाजाला दार उघडतेय मी."

"आणि दुसऱ्याला उघडलं असतं?"

"छे! साखळी लावून विचारलं असतं, भाऊ, कोण हवंय आपल्याला?"

हॉल खदखदून हसला. डुलक्या घेणारे न्यायाधीशही जागे झाले. दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याची गोष्ट असती तर सगळ्यात मोठ्याने मीच हसलो असतो. पडद्यामागे मी त्या स्टुलाकडे बघत होतो. स्पीकरवरचा हिरवा दिवा शांतपणे जळत होता.

साहेबांनी दोरी ओढली. पडदा सरकला. तिला मी दिसलो आणि शेजारी तो.

"नोंद घ्या," साहेब न्यायाधीशांना म्हणाले. "साक्षीदार प्रामाणिक. ओळख जुनी. खात्री पूरी की पूरी. आणि पहिला आवाज माणसाचा नव्हताच. उद्या असा साक्षीदार तुमच्यासमोर उभा राहील, तेव्हा काय कराल?"

शेंगदाण्याची पुडी जिथे होती तिथेच थांबली. साहेबांनी खूण केली तसं मुलीने पुन्हा बटण दाबलं, सगळ्यांदेखत. "दार उघड, मी आलोय."

बायको खुर्चीवरून उठली आणि पायऱ्या चढून व्यासपीठावर आली. मला वाटलं, आता माझा हात धरेल, म्हणेल चुकलं हो. मी हात थोडा पुढेही केला. ती माझ्यासमोरून गेली आणि स्पीकरपुढे जाऊन उभी राहिली. मान जराशी तिरकी, मी ऑफिसातून आल्यावर दारात करायची तशी. मुलीने आणखी एकदा बटण दाबलं.

"दार उघड, मी आलोय."

"बस, झालं," साहेब म्हणाले. "बंद करा ते."

मुलीचा हात बटणाकडे गेला, आणि माझी बायको भरल्या हॉलमध्ये ओरडली, "नका हो! त्यांना बंद नका करू!"