आवणीविना भात

आमच्या घरात भाताच्या आवणीला कुणालाच माफी नसायची. सून नोकरीवाली असो की ओली बाळंतीण, रोपं लावायला चिखलात उतरायचंच. त्या वर्षी मी कोलशेतच्या एका कंपनीत पॅकिंगला नुकती लागलेली, आणि साहेबांनी आधीच बजावलेलं की पावसात दांड्या मारल्या तर घरी बसायचं.

तोड सासूबाईंनीच काढली. शेतीच्या शिबिरात त्यांनी नवं काही पाहिलेलं. गादीवाफे करायचे आणि दाणे थेट मातीत टोचायचे, मग चिखलणी नाही की आवणी नाही. "यंदा असा करू," त्या म्हणाल्या. "पिकला तं तुजी नोकरी. नाय पिकला तं पुढचे वर्षी तू शेतान." मला असा राग आला! माझी नोकरी दाण्यांवर टांगून ही बाई निवांत सुपारी कातरत होती.

दाणे टोचले, गाव हसलं, आणि लगेच पाऊस कोसळला. माजिवड्याला अडकलेली बस कशीबशी सुटली तशी मी घरी न जाता थेट शेतावर गेले. सगळे वाफे पाण्याखाली, आणि बांधावर सासरे फावडं घेऊन समाधानाने उभे. भात म्हटलं की पाणी अडवायचं, ही त्यांची जन्माची सवय. पण कोंब न फुटलेला दाणा तुंबलेल्या पाण्यात कुजतो.

"बाबा, बांध फोडा!" मी ओरडले. सासऱ्यांपुढे माझा आवाज कधी चढला नव्हता. मी त्यांच्या हातातलं फावडं ओढून घेतलं आणि कामावरच्या कपड्यांतच बांध फोडला.

मग कंपनीत हात चालायचे, पण जीव वाफ्यांत असायचा. रोज संध्याकाळी शेतात वाकून बघायचे. काही दाणे कुजले, बाकीचे हिरवेगार वर आले. सुगीला आमचं भात शेजाऱ्यांच्या तोडीस तोड उतरलं, तेही अर्ध्या माणसांत. मी सुटले. त्या दिवशी मी आनंदाने रडले.

पुढच्या वर्षी, गावात आवणी चालू असताना, मी सकाळी डबा भरत होते. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. अंगावर ठेवणीतलं लुगडं होतं.

"शेतान काम नाय उरला, बाय. तुजे कंपनीन मना घेतील का?"

आमच्या कंपनीत चाळिशीपुढच्या बाईला गेटवरूनच परत पाठवतात. मी डब्याचं झाकण लावलं.

"विचारते," मी म्हटलं.