घर घेऊन मुलगी बघायला

मुलगी बघायला मुलगा जातो, त्याचे आईवडील जातात, एखादा आगाऊ मामाही जातो. आमच्याकडून घर गेलं. हसू नका. मी त्या घरात स्टोवर चहा करत बसले होते, म्हणून सांगते.

तेव्हा पिंपरीत औषधांचा कारखाना नवाच सुरू झाला होता आणि माझे धाकटे दीर तिथं फिटर म्हणून लागले होते. आळंदीला एका लग्नात त्यांनी अलिबागकडची एक मुलगी पाहिली. पंगतीत वाढताना ती त्यांना म्हणाली, "जिलबी वाढू, की नुसतं बघूनच पोट भरणार?" झालं! आमचे भाऊजी कामातून गेले. चहात मीठ घातलं तरी "छान झालाय, वहिनी" म्हणायचे.

मध्यस्थ गाठला. उत्तर आलं, मुलगा चांगला आहे, पण मुलीच्या वडिलांची एकच अट: मुलाचं स्वतःचं घर पाहिजे. आम्ही सगळे चिंचवडला भाड्याच्या दोन खोल्यांत. मोशीचं घर वाटणीत चुलत्यांकडे गेलेलं. भाऊजींनी अन्न सोडलं. म्हणजे घरचं. दुपारी कारखान्यात व्यवस्थित जेवत होते, हे मला नंतर कळलं.

आमचे हे मोटार-मेकॅनिक. लष्करी लिलावातली एक जुनी ॲम्ब्युलन्स त्यांच्या शेडमध्ये पडून होती. भावाचं तोंड बघून बघून हे वैतागले आणि हातातला पाना त्या गाडीवर आपटून म्हणाले, "घर पाहिजे ना? हे घे, भावा. आजपासून तुझं!"

गंमत केली होती हो. पण भाऊजींनी त्याच संध्याकाळी आत फळ्या ठोकायला घेतल्या. दोन बाक झाले, त्यांवर झोपायचं. भांड्यांना फडताळ झालं. माझ्या जुन्या लुगड्याचे पडदे लागले. सासूबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. म्हणाल्या, "उंबरा न्हाई त्ये घर कसलं?" मग मागच्या दाराला उंबराही ठोकला. त्याला हळदकुंकू लागलं आणि मग आम्ही प्रत्येकजण त्याला अडखळून एकदा तरी पडलो.

असं आमचं घर, आम्हा चौघांना पोटात घेऊन, मुलगी बघायला निघालं. वडगाव, कामशेतची भातखाचरं खिडकीतून मागं पळत होती. सासूबाई प्रत्येक शेताचं पीक पास-नापास करत होत्या. खंडाळ्याच्या घाटात पाणी उकळलं, इंजिनमधलंही आणि स्टोवरचंही. आम्ही कडेला चहा पीत बसलो. खाली दरीत ढग उतरलेले, आणि आम्ही स्वतःच्या उंबऱ्यावर पाय सोडून! एखाद्या संस्थानिकाची राणीसुद्धा इतक्या ऐटीत चहा प्याली नसेल.

गाडीच्या अंगावरचा लाल क्रॉस रंगाखालून डोकावत होता, तेवढं एक नडलं. खोपोलीत एक गृहस्थ सरळ आत चढून बाकावर आडवे झाले. गाल धरून म्हणाले, "दाढ."

"दवाखाना न्हाई बाबा, घर हाय ह्ये," सासूबाई म्हणाल्या.

"मग लवंग तरी असंल की!"

लवंग घेऊन, चहा पिऊन गृहस्थ गेले.

मुलीचं गाव अगदी समुद्रकाठी. नारळी-पोफळीची वाडी, पुढं वाळू आणि पलीकडं ते अफाट निळं. सासूबाईंनी हात जोडले आणि हळूच विचारलं, "पल्याडचा काठ कुणाच्या वाट्याला आलाय गं?"

यांनी गाडी थेट ओल्या वाळूवर नेली. घराला देखावा नको? मुलीचे वडील वाडीतून धावत आले. "पाहुणे, गाडी वर घ्या. पाणी येईल."

यांनी आभाळाकडं पाहिलं. "कोरडं ठणठणीत आहे की! कुठनं येतंय पाणी?"

आम्ही इंद्रायणीकाठची माणसं. आमच्याकडं पाणी वरून पडतं, मग नदी चढते. रोज उठून आपणहून चालत येणारं पाणी कुणी पाहिलं होतं? वडिलांना वाटलं, पाहुणे विनोदी आहेत. तेही हसले आणि गाडीत येऊन बसले. मागोमाग मुलगी पोह्यांची बशी घेऊन आली, मान खाली घालून बाकाच्या टोकाला टेकली.

"घर कुठं आहे मुलाचं?" वडिलांनी मुद्द्याला हात घातला.

भाऊजींच्या घशात पोहे अडकले. पण खोटं बोलले नाहीत. "तुम्ही बसलात ना, ते. चिंचवडची खोली भाड्याची आहे."

वडिलांनी पडदे पाहिले, फडताळ पाहिलं, छपराला डोकं आपटून घेतलं. "चाकावरचं घर? आज इथं, उद्या तिथं? माझी मुलगी काय सर्कशीत द्यायची आहे मला?"

भाऊजींचा चेहरा असा पडला की मला त्यांच्याकडं बघवेना. म्हणून मी खाली बघितलं. खाली माझी चप्पल दाराकडं तरंगत चालली होती.

"अगं बाई, पाणी!"

पुढं जो तमाशा झाला! चाकं वाळूत रुतलेली. हे इंजिन सुरू करतायत, ते नुसतं खोकतंय. वडील वाडीतली बैलजोडी आणायला पळाले. सासूबाई आतूनच समुद्राला दम देतायत, "मागं हो! मागं हो म्हंते न्हवं!" मी आणि भाऊजी मागून रेटतोय. एवढ्यात माझ्या शेजारी कुणीतरी पदर खोचून खांदा लावला. बघते तर मुलगी!

बैल जुंपता जुंपता वडील ओरडले, "अगं, तुला बघायला आलेत ते! आत जा!"

"बघू देत की," ती तिथूनच ओरडली. "पण हे वाहून गेलं तर मी राहायचं कुठं?"

आम्ही सगळे रेटायचं थांबलो. बैलसुद्धा थांबले असावेत. वडील जू धरून तिच्याकडं बघत राहिले.

"घाट चढतं का हो हे?" तिनं भाऊजींना विचारलं.

"उकळत उकळत चढतं."

"मग चालेल. रेटा आता! जिलबीकडं बघावं तसं नुसतं बघत काय राहिलात?"

बैलांनी हिसका दिला, गाडी वाळूतून सुटली, इंजिन धडधडलं. बैल सोडवले तसे हे आतून ओरडले, "थांबवता येणार नाही! बंद पडली तर परत सुरू व्हायची नाही!" गाडी वाडीच्या रस्त्याला लागली. भाऊजी आणि मी धावत धावत उंबऱ्यावरून आत पडलो.

पण बोलणी अर्धवटच. आमच्यात सुपारी फोडल्याशिवाय लग्न ठरलं म्हणत नाहीत, आणि इथं फोडणारे तर निघाले! वडील एकदा मुलीकडं, एकदा गाडीकडं बघत उभे. मग त्यांनी अंगणात वाळत घातलेल्यातली एक सुपारी उचलली, धोतर सावरत पळत आम्हाला गाठलं आणि रस्त्यातल्या दगडी फरशीवर, मागच्या चाकाच्या पुढ्यात ठेवून बाजूला उडी मारली.

कडाड!

"फुटली का?" सासूबाईंनी दारातून विचारलं.

"फुटली!" मागून मुलगीच ओरडली.