न विचारता सांगितलेली गोष्ट

मागच्या उन्हाळ्यात मुलगी गडचिरोलीला आमच्याकडे आली होती. दुपारी बाहेर निघायची सोय नव्हती, म्हणून तिनं टीव्हीवर एक परदेशी सिनेमा लावला. हुकूमशहाला रोज सकाळी वर्तमानपत्रं वाचून दाखवणाऱ्या माणसाची गोष्ट होती ती. मला वाटलं रणगाडे, भाषणं असतील. तसं काही नव्हतं. हुकूमशहा बागेत बसायचा, संत्रं सोलून अर्ध्या फोडी त्या माणसाला द्यायचा, त्याच्या बायकोच्या दम्याची चौकशी करायचा. तेव्हा त्या माणसाचा चेहरा असा फुलायचा की मला बघवेना.

मग एका सकाळी वाचता वाचता तो थांबतो आणि सांगून टाकतो, की आमच्या इमारतीतला छापखानेवाला तुमच्याबद्दल बरं बोलत नाही. दुसऱ्या दिवशी छापखान्याला कुलूप.

मुलगी म्हणाली, "बाबा, यानं काऊन सांगितलं? याले तर कोणी विचारलंबी नवतं."

मी पाणी प्यायला म्हणून उठलो, तो सिनेमा संपेपर्यंत स्वयंपाकघरातच उभा राहिलो.

मी अठरा वर्षं एका शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांचा लेखनिक होतो. सगळे त्यांना साहेब म्हणत. ते काही देश चालवत नव्हते. पण आमच्या भागातल्या पाच-सहा शाळांत कोण टिकणार, कोण कुठं जाणार, हे त्यांच्या एका शब्दावर होतं. त्यांना ओरडताना मी कधी पाहिलं नाही. त्यांच्या खोलीत शिरताना लोक चपला बाहेर काढत, आणि तसं कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं.

माझे वडील दुसऱ्याच्या बांधीत धानाचा रोवणा करायचे, मजुरीवर भाताची रोपं लावायचे. माझं अक्षर बरं, मराठी बरी, एवढ्यावर साहेबांनी मला जवळ केलं. भाषणं, अभिनंदनाची पत्रं, खुलासे मागणाऱ्या नोटिसा, सगळं मीच लिहायचो. माझी बायको नागपूरला दवाखान्यात होती तेव्हा ते स्वतः आले, तिच्या पलंगाशी स्टुलावर तासभर बसले. दौऱ्यावर मला गाडीत आपल्या शेजारी बसवायचे. ते गप्प झाले की मला अस्वस्थ व्हायचं. आपण काहीतरी बोलायला पाहिजे, नाहीतर उद्या ही जागा दुसऱ्याला मिळेल, असं वाटायचं. म्हणून मी घरून निघतानाच सांगण्यासारखं काहीतरी आठवून ठेवायचो.

संस्थेच्या आश्रमशाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई होत्या. मुलींचं वसतिगृहही त्यांच्याकडेच होतं. तिथल्या न्हाणीघरांना दारं नव्हती. एक मुलगी आंघोळ करायची आणि दोघी चादर धरून उभ्या राहायच्या. बाईंनी दोनदा अर्ज केला, उत्तर आलं नाही. तिसरा अर्ज त्या माझ्याकडे घेऊन आल्या.

"भाऊ, साहेबाचा मूड पाहून द्याल," त्या म्हणाल्या. "याची एक प्रत मी तहसीलमध्ये देऊन राह्यली. तेवढं मात्र तुमच्यापाशीच राहू द्या."

मी मान डोलावली.

दोन दिवसांनी साहेब मार्कंड्याच्या जत्रेला निघाले. चामोर्शी मागे पडलं तरी ते एक शब्द बोलले नव्हते. मी अर्ज काढून दिला, त्यांनी न वाचता बाजूला ठेवला. पुन्हा शांतता. आणि मी सांगितलं, की बाई तहसीलमध्येही प्रत देणार आहेत.

साहेब रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, जिल्ह्याच्या पार टोकाला सिरोंच्याकडच्या आपल्या शाळेत विज्ञानाला कोणी आहे का. मी नाही म्हणालो.

"मग उद्या लिहून टाका," ते म्हणाले.

मी बाईंच्या बदलीचं पत्र लिहिलं. "आपल्या अनुभवाचा लाभ दुर्गम भागातील विद्यार्थ्यांना व्हावा" असं लिहिलं, आणि वाक्य चांगलं जमलं म्हणून मनात खूशही झालो. बाईंच्या घरी आई अर्धांगवायूनं पडलेली होती. तीन महिने त्या तिकडे राहिल्या, मग राजीनामा दिला. दारं त्याच वर्षी लागली. त्याबद्दल साहेबांचे आभार मानणारं मुलींचं पत्रही मीच लिहून दिलं.

सिनेमानंतर चौथ्या दिवशी मी हे मुलीला सांगितलं. मग बाई आता कुठं राहतात, एवढंच तिनं विचारलं. आरमोरीला. मला ते कित्येक वर्षांपासून ठाऊक होतं, त्या गल्लीतून जायचं मी टाळत आलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं मला गाडीवर बसवून तिथं नेलं आणि ती कोपऱ्यावर थांबली.

बाई अंगणात खाटेवर कुरड्या वाळत घालत होत्या. केस सगळे पांढरे. त्यांनी मला ओळखलं, पाणी दिलं. मी उभ्या उभ्याच सांगितलं.

"पत्र तुमचं आहे हे मले माहीत होतं," त्या म्हणाल्या. "साहेबाले तसं मराठी येत नवतं. पण लिहाचं ही तुमची नोकरी होती. तहसीलचं काऊन सांगितलं?"

"गाडीत बोलाले काही नवतं, बाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दुसरं काही उत्तर मी वाटेत जुळवून आणलं होतं.

मग त्यांनी सांगितलं, की इतकी वर्षं त्यांचा संशय तहसीलच्या बाबूवर होता. त्यानंच अर्जाची बातमी फोडली असं त्यांनी गावभर सांगितलं होतं. तो त्यांच्याच गल्लीत राहत होता. त्याच्या मुलीच्या लग्नाला त्या गेल्या नाहीत, त्याची बायको वारली तेव्हाही गेल्या नाहीत.

"त्याचं घर चौथं आहे, निळ्या दाराचं," त्या म्हणाल्या. "त्याले मी सांगीन, पण पयले तुमी सांगा."

माफीचा शब्द मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही. त्या पुन्हा कुरड्यांकडे वळल्या.

निळ्या दाराशी गेलो तेव्हा मुलगी माझ्यासोबत आली. बनियन घातलेल्या एका म्हाताऱ्यानं दार उघडलं आणि कोण पाहिजे म्हणून विचारलं. मी माझं नाव सांगितलं, साहेबांचा लेखनिक होतो म्हणून सांगितलं. त्यानं आनंदानं हात जोडले, आत बोलावलं, मुलीसाठी पंखा सुरू केला. मग मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.