इंजनाला पाजलेलं पाणी

कडेगावच्या बनुबाईला इंजनाबद्दल एकच गोष्ट पक्की ठाऊक होती. इंजनाला पाणी लागतं. ठाऊक असणारच की! नवरा आकाराम जन्मभर मिरजेच्या लोको शेडमध्ये फिटर. रोज जेवताना त्याच्या तोंडी तेच. आज अमकं इंजन पाणी जास्त प्यालं, आज तमक्याची टाकी गळत होती. ‘पाण्याबिगर इंजन म्हंजे नुसतं लोखंड,’ हे तर बाईनं इतक्यांदा ऐकलं होतं की भाकरी थापताना तिच्याही तोंडून निसटायचं. तेव्हा पुढं जे झालं त्याचा तिला फार बोल लावू नका. लावायचाच तर आकारामला लावा, जन्मभर बायकोला एकच धडा शिकवला म्हणून.

एकाहत्तर साली मोठी लाइन आली, लहान लाइनची इंजनं कुठं कुठं निघून गेली, आणि आकारामही रिटायर होऊन गावी परतला. परतला तो मुका होऊन. म्हणजे जीभ होती, पण वापरात नव्हती. काही विचारलं की ‘हं’, नाहीतर ‘उं’. बनुबाईचा जीव टांगणीला लागला. काढे झाले, अंगारे झाले, काही उपयोग नाही. मग एके दिवशी गड्यानं अंगणात पत्रा आणून टाकला आणि कानस चालवता चालवता स्वतःशीच पुटपुटला, “बॉयलर हितं बशीवला पायजे.” बाई चुलीपुढं बसून रडली. बोलला रे बाबा एकदाचा!

ते इंजन वाढता वाढता वासराएवढं झालं. चाकं, धुराडं, शिट्टी, मागं एक पोर बसेल असा डबा. सगळं खऱ्यासारखं. वाफ तेवढी नव्हती. अंगणात बॉयलर फुटला तर काय घ्या, म्हणून पोटात बॅटरीवरची मोटर बसवलेली. ती पलटणीतल्या पुतण्यानं, लालासाहेबानं, पुण्याच्या जुन्या बाजारातून आणली होती. मुळात ती कशातली, हे त्यालाही माहीत नव्हतं. आणि आकाराम पडला वाफेचा माणूस, त्याला विजेतलं काय कळतंय! फिरती ना, मग झालं. गर्र गर्र करत इंजन अंगणभर रांगायचं, गल्लीतली पोरं पाळीपाळीनं डब्यात बसायची, आणि आकाराम बोलायचा. इतका बोलायचा की बनुबाईला वाटावं, घटकाभर गप बसेल तर बरं होईल.

चौऱ्याहत्तर सालची खंडेनवमी आली. घरातले विळे-कोयते, कुदळ-फावडी, आकारामचे पाने-पकडी सगळं धुऊनपुसून पूजेला मांडलं. आकाराम आंघोळीला गेला होता. बाईनं इंजनाला हळदीकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, त्याच्यापुढं नारळ फोडला आणि पाणी वाटीत धरलं. चार थेंब चाकांवर शिंपडले. वाटीत पाणी उरलं. तिनं धुराड्याकडं बघितलं. एवढं राबतंय लेकरू, आणि पोटात पाण्याचा थेंब नाही! तिला खरंच भडभडून आलं. “पी रं बाबा,” म्हणत तिनं सगळी वाटी धुराड्यात ओतली.

दसऱ्याच्या दिवशी सोनं वाटून पोरं अंगणात जमली. आकारामनं तार जोडली. इंजन जागचं हललं नाही, पण धुराड्यातून भसाभसा धूर निघाला.

“आज्जा, धूर! खरा धूर!” पोरांनी टाळ्या पिटल्या.

आकारामनं तार ओढून काढली, वरचं झाकण उघडलं, मोटर हातात घेऊन नाकाशी नेली. जळक्या वासात खोबऱ्याचा वास मिसळलेला. त्यानं एकदा बायकोकडं बघितलं, झाकण मिटलं, आणि ओट्यावर जाऊन बसला.

“काय झालं वं?”

“हं.”

हं! दुसऱ्या दिवशी हं, तिसऱ्या दिवशी उं. मोटर गेली तर गेली, पण नवरा पुन्हा गेला, आणि तोही आपल्या हातानं! ‘म्याच पाणी घातलं’ हे सांगायला बनुबाईची जीभ रेटेना. त्याच्याकडं मान वर करून बघायचीही चोरी झाली. शेवटी तिनं जळकी मोटर फडक्यात गुंडाळून पिशवीत घातली आणि सांगितलं, “डोळं दाखवाया मिरजंला जाते.”

“उं.”

विट्याच्या पुढं बाई एकटी कधी गेली नव्हती. मिरजेचं नुसतं निमित्त; ती अलीकडं सांगलीतच उतरली आणि दिसेल त्या दुकानात शिरली. पंखेवाल्यानं पंख्याची मोटर दाखवली. ती बॅटरीवर चालेना. शिलाई मशीनवाल्यानं हात जोडले. पंपाच्या दुकानातला पोरगेला मालक म्हणाला, “मावशी, उसाला पाणी पाजायचं आसंल तर ही पाच हॉर्सची न्या.”

“उसाला न्हवं रं बाबा. इंजनाला पाणी पाजलं म्हणून तर ही येळ आली!”

दुकान हसलं. बाईला हसायला येईना. दिवस कलायला लागला तशी ती हात हलवत स्टँडवर आली आणि विट्याच्या गाडीत पहिल्याच बाकावर बसली. आता घरी जायचं, आणि उरलेला जन्म त्या ‘हं’बरोबर काढायचा. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. गाडी निघाली तोच बाहेर परतीच्या पावसाची सर आली. ड्रायव्हरनं बटण दाबलं. काच पुसायची दांडी हलायला लागली. गर्र गर्र. गर्र गर्र.

“आगं बया!” बनुबाई उठून उभीच राहिली. “आवं भाऊ, ह्ये तर माझं इंजन बोलतंय!”

ड्रायव्हरला वाटलं, बाईला भोवळ आली. त्यानं गाडी बाजूला घेतली. तिनं फडकं सोडून मोटर पुढं केली, कुठं कुठं हिंडली ते सांगितलं, तसा तो खो खो हसला. “मावशी, ही वायपरची मोटर हाय, ट्रकाची. म्हादेवाचं देऊळ सोडून भलतीकडंच नंदी हुडकतायसा व्हय? माधवनगरला उतरा. तितं कल्लाप्पा जुनं ट्रक मोडतो.”

बाई पोचली तोवर सर ओसरली होती आणि कल्लाप्पा फाटकाला कुलूप घालत होता. जैन माणूस. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं, मग दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न नाही. घर जवळच, ताट वाढलेलं.

“उद्या या आक्का,” तो म्हणाला.

बनुबाईनं तिथं उभ्यानंच सगळं सांगितलं. नवऱ्याला सांगता आलं नव्हतं ते परक्या माणसाला सांगितलं. नारळ, वाटी, धुराडं, धूर, आणि ते ‘हं’. कल्लाप्पानं एकदा सूर्याकडं बघितलं, एकदा बाईकडं. मग कुलूप काढलं. मोडक्या ट्रकात आडवा होऊन त्यानं मोटर सोडवली, बॅटरीला लावून फिरवून दाखवली आणि म्हणाला, “उलटी फिरली तर भिऊ नका. आतल्या ह्या दोन तारांची अदलाबदल करायची.” तोवर दिवस मावळला होता.

“आवं, तुमचं जेवान!”

“एक दिवस उपास घडला, पुण्यच की,” कल्लाप्पा हात पुसत म्हणाला. त्याच्या बायकोनं, राजमतीनं, बाईला मुक्कामाला ठेवून घेतलं.

सकाळच्या गाडीनं बनुबाई कडेगावात उतरली तर थांब्यावर आकाराम बसलेला. कवापासून, कुणास ठाऊक. डोळे तांबारलेले. त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली, आत बघितलं, आणि पुढं चालायला लागला. संतापला असणार, बाईनं मनात म्हटलं.

दुपारपर्यंत अंगणातून नुसती पान्यांची खुडखुड ऐकू येत होती. बनुबाई उंबऱ्यात पदर मुठीत धरून उभी. आकारामनं तार जोडली. गर्र गर्र झालं. इंजन हललं, आणि सरळ मागं पळत जाऊन तुळशीच्या कट्ट्यावर धडकलं.



“आयला!” आकाराम ओरडला. “ह्ये तर उलटं निघालं! शंटिंग कराया लागलं बेनं!” आणि पोट धरून हसला.

“तारा बदला!” बनुबाई दारातूनच किंचाळली. “आतल्या दोन तारा! कल्लाप्पानं सांगितलंय!”

“कल्लाप्पा कोन? डोळ्याचा डॉक्टर व्हय?”

तारा बदलल्या. इंजन तुळशीपासून निघालं ते शिस्तीत दारापर्यंत आलं. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून नेला असं बनुबाईला झालं, आणि त्याच भरात तिच्या तोंडून निघून गेलं, “आवं, पाणी म्या घातलं हुतं. नारळाचं.”

“ठाव हाय.”

“ठाव हाय? मंग बोलला का न्हाईसा?”

आकारामनं कपाळाचा घाम पुसला. “तोंड उघडलं आसतं तर लय वरडलो आसतो तुझ्यावर. सणाचा दिस, तुझं तोंड आदीच उतरल्यालं. म्हनलं, राग निवूस्तवर गप बसावं. राग निवला, तर तू वर मान करून बगंनास. मला वाटलं, आता हीच रागावली.”

बनुबाईचा तोल सुटला. “वरडायचं हुतं की वं! वरडला आसतासा तर मी येका घटकंत मोकळी झाले आसते! तुमच्या त्या ‘हं’नं जीव घेतला माझा!” ती रडत होती आणि दोन्ही हातांनी त्याला ढकलत होती.

आकाराम जरा मागं सरकला. छाती भरून त्यानं श्वास घेतला आणि शेडमधला तो जुना आवाज काढला. “आगं ए बने! येडे! कुनी सांगितलं गं तुला धुराड्यात पानी वताया? आं? पानी काय धुराड्यातनं पितंय व्हय इंजन? जलमभर काय सांगितलं म्या तुला?”

चार घरांची माणसं अंगणात धावली. बनुबाईनं डोळे पुसले, पदर सारखा केला आणि चहाचं आधण ठेवायला आत वळली.

“आनखी वरडा,” ती म्हणाली.