विहिरीकडचा तुकडा

सासरे गेल्यावर भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाने, शेताची वाटणी केली ती तोंडीच, ओसरीवर बसून. दादाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं माझा नवरा लहानपणापासून धरून चालतो. आमच्या वाट्याला अकोट रस्त्याकडचा, विहिरीजवळचा तुकडा आला; नाल्याकडचा भासऱ्यांनी ठेवला. पाणी जवळ म्हणून नवरा हरखला. त्या मातीत मर रोग आहे हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. टमाटं फुलावर आलं की भर दुपारी माना टाकायचं आणि उभ्याउभ्या वाळायचं.

मी हट्टाला पेटले. कृषी केंद्रातून रोगाच्या बुरशीला खाणाऱ्या चांगल्या बुरशीची, ट्रायकोडर्माची, भुकटी आणली. कुजलेल्या शेणखतात कालवून ढीग निंबाखाली ओल्या पोत्यांनी झाकला. खतावर हिरवी बुरशी धरली की मी ते सरीतल्या ओल्या मातीत घालायचे. जाऊबाई नाकाला पदर लावून जायच्या. भासरे पारावर सांगत, "बुरशीच बुरशीले खाते म्हणे. मंग पोलिसात चोरच भरती करा ना." लोक हसत. नवराही हसायचा, आणि मला त्याचाच जास्त राग यायचा.

पहिल्या वर्षी निम्मी झाडं मेली, दुसऱ्या वर्षी थोडी. तिसऱ्या वर्षी सारं शेत लाल झालं. तोडा संपला तसे भासरे आले आणि नवऱ्याला म्हणाले, "विहिरीकडचा आता मी पाहतो. तू नाल्याकडचा घे." आयत्या बिळावर नागोबा! नवरा मला म्हणाला, "दादा म्हणते तं जाऊ दे व." त्या दिवशी मी चूल पेटवली नाही.

पुढच्या लागवडीत भासऱ्यांनी खबरदारी म्हणून झाडांच्या बुडाशी बुरशीनाशक ओतायला घेतलं. त्या औषधाला चांगली बुरशी आणि वाईट बुरशी सारखीच, पण वाईट खोल मातीतून पुन्हा उठते. नाल्याकडे जाताना आम्ही बांधावरून पाहिलं. नवरा हाक मारणार तोच मी त्याची बाही धरली. "बोलू नका. तुमाले माही शपथ." पांढरं पाणी मातीत जिरताना मला बरं वाटलं, पोट भरल्यासारखं.

झाडं फुलावर आली आणि माना टाकायला लागली. जाऊबाई बांधावर बसून रडत होत्या. मी पलीकडे बसून भाकर खाल्ली.

मग एका सकाळी भासरे आमच्या अंगणात आले. "तो तुकडा तूच ठेव," नवऱ्याला म्हणाले, "तुह्या बायकोले जमते ते." मी आजवर त्यांच्याशी थेट बोलले नव्हते. त्या दिवशी पदर न घेता विचारलं, "आणि पुन्हा जगला तं? मंग पुन्हा घ्याल?"

ते रागावले नाहीत. "मोठा हाय ना मी," एवढंच म्हणाले.

नवऱ्याने तोवर शेणखताची पहिली टोपली भरली होती.