यंत्रात बदल नाही

मला त्याचं सगळंच खुपायचं. नगरच्या एका कॉलेजात आम्ही दोघं गणित शिकवायचो. तो माझ्यानंतर लागला आणि वर्षाच्या आत मुलांचा घोळका माझ्या टेबलावरून उठून त्याच्या टेबलाशी गेला. टेरिलिनचा शर्ट, पुण्यातलं शिक्षण, प्राचार्यांशी इंग्रजीतून गप्पा. मी पारनेर तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरातला, कॉलेजात गेल्यावर पहिल्यांदा बूट घातलेला. बरं, माणूस वाईट असता तर निदान भांडता आलं असतं. तीही सोय त्याने ठेवली नव्हती.

सत्तरीच्या दशकाची ती सुरुवात होती. त्याच्या अमेरिकेतल्या भावाने एक मासिक पाठवलं. त्यात होतं, की तिकडे कॉम्प्युटर एकमेकांशी बुद्धिबळ खेळतात आणि माणसं नुसती बाजूला उभी राहतात. आमच्यातल्या कुणीही कॉम्प्युटर पाहिलेला नव्हता. कॉम्प्युटर शिकवणारा एक उन्हाळी वर्ग मुंबईत भरणार होता आणि कॉलेजातून एकालाच जाता येणार होतं. प्राचार्य हौशी. म्हणाले, दोघंही कागदाचं यंत्र करा, ज्याचं जिंकेल तो मुंबईला जाईल.

कागदाचं यंत्र म्हणजे सूचनांच्या चिठ्ठ्या. राजाला शह असेल तर आधी तो टाळा. नसेल तर फुकटात मोहरं मिळतंय का बघा. तेही नसेल तर पुढची चिठ्ठी वाचा. चालवणाऱ्याने स्वतःची अक्कल वापरायची नाही. लबाडी नको म्हणून त्याचं यंत्र मी चालवायचं आणि माझं त्याने. रोज कॉलेज सुटल्यावर स्टाफरूममध्ये एक डाव, असे तीन.

पहिला डाव माझ्या यंत्राने मारला. त्याचा वजीर खुशाल माझ्या प्याद्याच्या तोंडी आला. दुसऱ्या दिवशी स्वारी नवी चिठ्ठी घेऊन हजर.

"काल एक चूक लक्षात आली, ती दुरुस्त केलीय. चालेल ना?"

सगळे "हो हो" म्हणाले. त्याला सगळे नेहमीच "हो हो" म्हणायचे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"परीक्षेत पेपर दिल्यावर घरी आठवलेलं उत्तर दुसऱ्या दिवशी चिकटवू देता का तुम्ही?" मी विचारलं. "यंत्राची स्पर्धा आहे. स्पर्धा संपेपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही."

तो म्हणाला, "पण यंत्र माणूसच करतो ना? चूक दिसत असताना ती तशीच ठेवायची, ही कसली हुशारी?"

बराच वाद झाला. शेवटी प्राचार्यांनी माझं ऐकलं, यंत्रात बदल नाही. माझा मुद्दा बरोबर होता आणि आजही तो मी सोडणार नाही. पण त्या दिवशी मला मुद्द्यापेक्षा त्याची धास्ती जास्त होती. एकेका रात्रीची मुभा मिळाली असती तर तो कुठल्या कुठे गेला असता.

मुभा नसतानाही दुसरा डाव त्याने घेतला. राहिला शेवटचा.

त्यात माझं यंत्र सुरेख खेळलं. एक प्यादं सरकत सरकत पार पलीकडे, घोड्याच्या घरात पोचलं. आता वजीर घेतला की डाव माझा, मुंबई माझी. त्याने माझी चिठ्ठी उचलली, वाचली, पुन्हा वाचली. मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाला, "अहो, इथे घोडा घ्या असं लिहिलंय तुम्ही."

मी चिठ्ठी पाहिली, घोडाच होता. आमच्या गावी देवळाच्या ओट्यावर प्यादं ज्याच्या घरात पोचेल तेच मोहरं व्हायचं, हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. लहानपणापासून हातात तेच बसलेलं, लिहिताना दुसरं सुचलंच नाही. आमची स्पर्धा मात्र आंतरराष्ट्रीय नियमांची होती. त्यात हवं ते मोहरं घेता येतं. घोडाही चालतो, फक्त वजीर सोडून घोडा कुणी शहाणा घेत नाही.

"गावाकडच्या खेळातलं राहून गेलेलं दिसतंय," तो म्हणाला. "बदलून टाका. माझी काही हरकत नाही."

हरकत नाही! जणू मुंबई याच्या खिशात होती आणि हा ती मला काढून देत होता. गावाकडचं म्हणतो, तेही किती मायेने!

"न्हाई!" मी ओरडलो. "काय बी बदलायचं न्हाई! घोडा लिवलाय, घोडाच ठिव!"

स्टाफरूममध्ये मी असं कधी बोललो नव्हतो. त्याने मान खाली घालून घोडा ठेवला. थोड्याच वेळात माझ्या राजावर मात झाली. प्राचार्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्या तत्त्वनिष्ठेचं चारचौघांत कौतुक केलं. मला तो हात झटकून टाकावासा वाटला.

मुंबईचा वर्ग परीक्षेच्या आधीच सुरू झाला. तो गेला आणि त्याचे तास माझ्याकडे आले. पहिल्या दिवशी मी जीव तोडून शिकवलं. फळा दोनदा भरला. शेवटी विचारलं, "काही शंका?"

मागच्या बाकावरून एकाने हात वर केला.

"सर, आमचे सर कवा येनार?"